एक्सएमएल: दुसऱ्याची फाइल वाचता येण्यापुरतं

आजचा नवा प्रोग्रामर जेसनवर वाढलेला असतो. मग नोकरी लागते आणि कुणीतरी सांगतं, 'टॅलीतून व्हाउचर खेचून आण', किंवा 'ग्राहक आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल देतील, ती तपासून घे'. फाइल उघडावी तर सगळीकडे कोनी कंस. हेच एक्सएमएल: माहितीच्या प्रत्येक तुकड्याला कोनी कंसातल्या नावाच्या खुणा, म्हणजे टॅग, लावून लिहायची पद्धत. टॅली वर्षानुवर्षं बाहेरच्या प्रोग्रामशी मुख्यतः एक्सएमएलमध्ये बोलत आलं आहे. यूपीआयने पैसे पाठवताना बँका आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय यांच्यात जे निरोप जातात तेही एक्सएमएल. रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस २०१३ पासून आयएसओ २००२२ या मानकावर चालते, तिचे संदेशही तसलेच. मोठ्या कंपन्या आपले ताळेबंद सरकारदरबारी एक्सबीआरएलमध्ये पाठवतात, म्हणजे याचीच एक बोली. दुसऱ्या बाजूला प्राप्तिकर विवरणपत्राने २०२१ मध्ये एक्सएमएल सोडून जेसन धरलं आणि जीएसटीचं काम जेसनवरच चालतं. थोडक्यात, नवं काही उभं करताना एक्सएमएल निवडण्याची वेळ क्वचित येते, पण दुसऱ्याने रचलेली फाइल वाचायची वेळ हमखास येते. म्हणून पुढचा क्रम वाचणाऱ्याच्या सोयीने लावला आहे.

उदाहरणाला सातबारा घेऊ. सरकारी यंत्रणेत उतारा अशाच रूपात साठवलेला असतो असं समजू नका, ही रचना मी समजावण्यापुरती बेतली आहे.

```
<उतारा गाव="वडगाव" गट="११४">
  <खातेदार क्रमांक="१">
    <नाव>सखाराम धोंडिबा</नाव>
    <क्षेत्र एकक="आर">४०</क्षेत्र>
  </खातेदार>
  <खातेदार क्रमांक="२">
    <नाव>यमुना सखाराम</नाव>
    <क्षेत्र एकक="आर">२०</क्षेत्र>
  </खातेदार>
  <इतर-हक्क>विहिरीत <हिस्सा>निम्मा</हिस्सा> हक्क. सोसायटीच्या बोजासाठी फेरफार <फेरफार>८२१</फेरफार> पाहा.</इतर-हक्क>
</उतारा>
```

टॅगची नावं मराठीत चालतात का? चालतात. एक्सएमएल पहिल्यापासून युनिकोडवर उभं आहे. त्यात थोडी मराठी गंमतही आहे, तिच्याकडे नंतर येतो.

व्याकरण म्हणावं तर एवढंच: उघडणारा टॅग, बंद करणारा टॅग आणि त्यांच्या मधलं सगळं मिळून एक एलिमेंट होतं. सगळ्याला पोटात घेणारं एकच एलिमेंट असतं, इथे ते 'उतारा'. जो टॅग उघडला तो बंद करायचा, आणि शेवटी उघडलेला आधी बंद करायचा. सुरुवातीच्या टॅगमध्ये नाव-किंमत अशा जोड्या लिहिता येतात, त्यांना ॲट्रिब्यूट म्हणतात. त्यांची किंमत अवतरणचिन्हात हवीच. मजकुरात डावा कोनी कंस आणि अँडचं चिन्ह (&) जसंच्या तसं लिहायचं नाही, त्यांच्यासाठी ठरलेली सांकेतिक रूपं आहेत. एवढं पाळलेल्या फाइलला वेल-फॉर्म्ड म्हणतात. यातलं काही चुकलं की पार्सरने, म्हणजे फाइल वाचून तिची फोड करणाऱ्या प्रोग्रामने, काम थांबवावं, असा मानकाचा स्पष्ट आदेश आहे. एचटीएमएलची सवय असलेल्यांना हा खाक्या जाचतो, कारण ब्राउझर अर्धवट टॅगही सावरून घेतो. नव्वदच्या दशकात प्रत्येक ब्राउझर आपापल्या पद्धतीने असं सावरून घेत होता आणि तोच घोळ एक्सएमएल रचणाऱ्यांना टाळायचा होता. बँकेच्या निरोपातली रक्कम पार्सरने अंदाजाने वाचलेली कुणाला चालेल?

या शिस्तीचा फटका सर्वांत आधी बसतो तो 'पाटील & सन्स' या नावापाशी. फाइल तयार करताना कुणी स्ट्रिंग जोडून जोडून टॅग लिहिलेले असतात, चाचणीच्या सगळ्या नोंदी नीट जातात आणि मग एक दिवस हे दुकान ग्राहक म्हणून येतं. एक्सएमएल कधीही स्ट्रिंग जोडून बनवू नये, लायब्ररीला बनवू द्यावं, हा नियम इथूनच आला. आणखी एक भानगड: काही जुन्या सॉफ्टवेअरमधून निघालेल्या फायलींत न दिसणारी नियंत्रक अक्षरं असतात. एक्सएमएल १.० मध्ये टॅब आणि ओळ बदलणारी दोन अक्षरं सोडली तर ३२ च्या खालचं एकही नियंत्रक अक्षर चालत नाही, सांकेतिक रूपात लिहिलं तरी नाही. अशी फाइल दिसायला एक्सएमएल असली तरी नियमाने ती एक्सएमएल नसते. पाठवणाऱ्याशी वाद घालायचा की पार्सरकडे देण्याआधी ती अक्षरं गाळून टाकायची, हे तुमच्या आणि त्याच्या संबंधांवर.

हे सगळं इतकं लांबलचक का? बंद करताना पुन्हा पूर्ण नाव कशाला? १९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी दस्तऐवजांसाठी एक खुणांची भाषा रचली आणि तिला तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं जोडून जीएमएल म्हटलं. गोल्डफार्ब पेशाने वकील आणि त्यांच्यापुढचं काम कायद्याच्या कागदपत्रांचं. त्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झालं, पण ते इतकं अवाढव्य की त्याचा पूर्ण पार्सर लिहिणं भल्याभल्यांना जमेना. १९९६ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या जॉन बोसॅक यांच्या पुढाकाराने डब्ल्यू-थ्री-सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या गटाने त्याची छाटणी सुरू केली. १० फेब्रुवारी १९९८ रोजी टिम ब्रे, जाँ पाओली आणि सी. एम. स्पर्बर्ग-मॅक्वीन यांनी संपादित केलेलं एक्सएमएल १.० जाहीर झालं. त्याच्या सुरुवातीला दहा उद्दिष्टं दिली आहेत आणि दहावं असं आहे की खुणा आटोपशीर असण्याला फारसं महत्त्व नाही. म्हणजे ज्यावरून आजही एक्सएमएलची टर उडवली जाते, ते त्यांनी जाणूनबुजून सोडून दिलं होतं.

मूळ कागदपत्रांचं, हे मात्र ध्यानात ठेवण्यासारखं आहे. उताऱ्यातलं 'इतर हक्क' पुन्हा पाहा. तिथे सलग वाक्यं आहेत आणि वाक्यांच्या मधल्याच काही शब्दांना खुणा केल्या आहेत. मजकूर आणि टॅग असे एकमेकांत विणलेले असले की त्याला मिश्र मजकूर म्हणतात. खातेदारांची यादी जेसनमध्ये सहज बसते, किंबहुना जास्त सुटसुटीत बसते. 'इतर हक्क' बसवायला गेलात तर वाक्यांचे तुकडे करून त्यांची यादी करावी लागते आणि ती कुणाला वाचवत नाही. कायदे, करारपत्रं, पुस्तकं, कोश या कामांत एक्सएमएल अजून टिकून आहे ते यामुळे. आणि त्याच्याबद्दल जी चिडचिड होते, तीही बहुतेक अशा ठिकाणी होते जिथे माहिती मुळात साध्या तक्त्याची होती आणि तिच्यावर कागदपत्राचा पोशाख चढवला गेला. माझ्या मते एक्सएमएल फाइल हाती आली की पहिला प्रश्न हाच विचारावा: यात मिश्र मजकूर आहे का? नसेल तर पुढचं काम निम्म्याने सोपं होतं.

पार्सर फाइल वाचतो आणि तिचं झाड करून देतो: मुळाशी उतारा, त्याच्या फांद्या खातेदार, त्यांच्या पोटात नाव आणि क्षेत्र. इथवर सगळ्यांना कळतं. अडतं ते मोकळ्या जागेपाशी. वरच्या फाइलमध्ये 'उतारा'चं पहिलं मूल कोणतं? खातेदार नव्हे. टॅग उघडल्यावर ओळ बदलली आणि दोन जागा सोडल्या, तोही मजकूरच, आणि डॉम या प्रमाण पद्धतीने झाड देणाऱ्या पार्सरमध्ये पहिलं मूल तोच असतो. पायथनच्या एलिमेंटट्रीने वेगळी वाट काढली आहे. तिथे एलिमेंटच्या आत सुरुवातीला येणारा मजकूर 'टेक्स्ट'मध्ये जातो आणि एलिमेंट बंद झाल्यावर पुढचा टॅग येईपर्यंतचा मजकूर त्या एलिमेंटच्या 'टेल'मध्ये, म्हणजे शेपटीत. 'विहिरीत' हा शब्द इतर-हक्कच्या टेक्स्टमध्ये मिळेल, आणि 'हक्क. सोसायटीच्या बोजासाठी फेरफार' एवढा भाग हिस्साच्या शेपटीत. हे माहीत नसलं की अर्धं वाक्य गायब होतं आणि कुठे गेलं ते कळत नाही.

झाडाची कटकट नको म्हणून अनेक जण एक्सएमएलचं थेट डिक्शनरीत रूपांतर करणारी लायब्ररी वापरतात. वापरा, पण एक सापळा ओळखून. वरच्या उताऱ्यात दोन खातेदार आहेत, तेव्हा लायब्ररी यादी देते. एकट्याच्या नावावर जमीन असली की यादीऐवजी एकच वस्तू हाती येते, कारण 'खातेदार' एकाहून अधिक असू शकतात हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. सामाईक खात्यांवर चाचणी केलेला प्रोग्राम एकट्या मालकापाशी कोसळतो. अशा लायब्ररीत 'हे एलिमेंट नेहमी यादीच समज' असं सांगायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी वापरावी.

एखादी गोष्ट ॲट्रिब्यूट करावी की एलिमेंट, यावर पूर्वी तासन्‌तास वाद चालत. वाचणाऱ्याला तीन गोष्टी पुरतात: एका एलिमेंटवर एकाच नावाचं ॲट्रिब्यूट दोनदा येत नाही, त्याच्या पोटात आणखी रचना मावत नाही, आणि ॲट्रिब्यूटच्या क्रमाला काही अर्थ नसतो. एलिमेंटच्या क्रमाला मात्र असतो.

आता नेमस्पेस. एक्सएमएल शिकताना सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो असं मला वाटतं, म्हणून जरा सावकाश. समजा महसूल खात्याच्या रचनेत 'क्षेत्र' आहे आणि बँकेच्या कर्जाच्या अर्जातही 'क्षेत्र' आहे, पण तिथे त्याचा अर्थ शेती, उद्योग, सेवा असा. दोन्ही एकाच फाइलमध्ये आल्या तर कोणतं क्षेत्र कुणाचं? १९९९ मध्ये यावर तोडगा निघाला: प्रत्येक रचनेला वेब-पत्त्यासारखं एक लांबलचक नाव द्यायचं आणि प्रत्येक टॅग त्या नावाशी जोडायचा. दर वेळी एवढं लांब कोण लिहिणार, म्हणून एक्सएमएलएनएस नावाच्या खास ॲट्रिब्यूटने त्याला छोटा उपसर्ग देतात. मग महसूल:क्षेत्र आणि बँक:क्षेत्र असं लिहिता येतं.

गोंधळ तीन ठिकाणी होतो. एक, तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडून पाहतात आणि तिथे काही नसलं की घाबरतात. तिथे काही असायची गरजच नाही. तो पत्ता फक्त एकमेव नाव म्हणून वापरलेला असतो, पार्सर तिकडे फिरकतही नाही. दोन, उपसर्गालाच खरं नाव समजतात. आज पाठवणाऱ्याने 'महसूल' उपसर्ग वापरला, उद्या 'म' वापरेल, पत्ता तोच असला तर फाइलचा अर्थ तोच. म्हणून कोडमध्ये उपसर्गाशी तुलना करणं चूक आहे. तीन, आणि हे सगळ्यात चिवट: उपसर्ग न लावताही नेमस्पेस असू शकते. सगळ्यात बाहेरच्या टॅगवर उपसर्गाविना पत्ता जाहीर केला की आतले सगळे साधे दिसणारे टॅग त्या नेमस्पेसमध्ये जातात. डोळ्यांना 'खातेदार' दिसतं, पार्सरच्या लेखी ते 'अमुक पत्त्यातलं खातेदार' असतं. तुम्ही नुसतं 'खातेदार' शोधता आणि रिकामी यादी मिळते. चूक झाल्याचा संदेश नाही, काही नाही. टॅग समोर दिसतोय आणि सापडत नाहीये, अशी तक्रार कुणी घेऊन आलं की मी फाइलची पहिली ओळ मागतो. पायथनमध्ये अशा वेळी एलिमेंटचं नाव छापून पाहावं, महिरपी कंसात पूर्ण पत्ता दिसतो. पायथन ३.८ पासून त्या कंसात पत्त्याच्या जागी तारांकन ठेवून 'कुठल्याही नेमस्पेसमधलं' असं शोधताही येतं.

शोधण्यासाठी एक्सपाथ, म्हणजे झाडातली जागा सांगायची छोटी भाषा, शिकाच. वळणं घेत झाडावर चढण्यापेक्षा एका ओळीत काम होतं:

```
//खातेदार[@क्रमांक='२']/नाव
```

कुठेही असलेला, क्रमांक '२' असलेला खातेदार, त्याचं नाव. दोन तिरक्या रेघा म्हणजे कितीही खोल, चौकोनी कंसात अट, ॲट चिन्हाने ॲट्रिब्यूट. रोजच्या कामाला एवढं पुष्कळ होतं. ही तुलना अक्षरांची आहे, म्हणून देवनागरी '२' चाललं. पण 'क्षेत्र ३० पेक्षा जास्त' अशी अट घालाल तर उत्तर येणार नाही, कारण एक्सपाथ देवनागरी अंकांना संख्या मानत नाही. एक्सएमएल स्कीमाचे संख्याप्रकारही मानत नाहीत. पायथन मात्र देवनागरी अंकांची स्ट्रिंग आनंदाने संख्येत बदलून देतं, त्यामुळे एका ठिकाणी चालणारी फाइल दुसरीकडे अडते. लेखात मी मराठी आकडे लिहिले आहेत, खऱ्या फाइलमध्ये संख्या आंतरराष्ट्रीय आकड्यांतच ठेवाव्यात आणि मराठी आकडे दाखवतानाच आणावेत.

मघाशी म्हटलेली गंमत ती अशी. 'शेतकऱ्याचे-नाव' असा टॅग करायचा झाला तर त्यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खालच्या टिंबाचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. पार्सर अक्षरांचे युनिकोड क्रमांक जुळवतो, त्यामुळे उघडताना एक आणि बंद करताना दुसरा आला तर तो फाइल नाकारतो, बहुधा टॅग जुळत नाहीत असं सांगून, आणि तुम्ही दोन्हींकडे टक लावून बघत बसता. 'ॲ' या अक्षराची कथा आणखी वेगळी. ते एकच अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. टॅगच्या नावात कोणती अक्षरं चालतील याची एक्सएमएल १.० ची मूळ यादी त्याच्या फार आधीची. त्याच वर्षी निघालेल्या पाचव्या आवृत्तीने नियम सैल केले, पण जुन्या यादीवर लिहिलेले पार्सर 'ॲप' नावाचा टॅग नाकारतात. टॅगच्या आतल्या मजकुराला यातलं काहीच लागू नाही, तिथे हवं ते मराठी लिहा. टॅगची नावं मात्र कामाच्या फाइलमध्ये इंग्रजीत ठेवलेली बरी, असं मराठीवर प्रेम असूनही माझं मत आहे.

रचना आधीच ठरवून देणाऱ्या दस्तऐवजाला स्कीमा म्हणतात. पूर्वी डीटीडी होतं, २००१ पासून एक्सएसडी आहे. वेल-फॉर्म्ड फाइल स्कीमातही बसली की ती व्हॅलिड. बँक किंवा सरकारी यंत्रणा एक्सएसडी देत असेल तर पाठवण्याआधी फाइल त्यावर तपासा, अर्धे फोन वाचतील. स्वतः एक्सएसडी लिहायला शिकणं खुशाल पुढे ढकला. एक्सएसएलटी, म्हणजे एका एक्सएमएलचं दुसऱ्या रूपात रूपांतर करायची भाषा, तिचंही तेच, कुणी मागितल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. फाइल शेकडो एमबीची असेल तर पूर्ण झाड मेमरीत न आणता ती सरकत सरकत वाचायची पद्धत वापरावी लागते: जावात सॅक्स किंवा स्टॅक्स, पायथनमध्ये इटरपार्स, तेही वाचून झालेली एलिमेंट पुसत पुसत.

सहीची फाइल असेल तर वेगळी काळजी. आधारच्या ऑफलाइन फाइलवर यूआयडीएआयची डिजिटल सही असते, यूपीआयच्या निरोपांवरही सही असते. सही पडताळणारी लायब्ररी आधी फाइल एका ठरलेल्या प्रमाणरूपात आणते. त्यात ॲट्रिब्यूटचा क्रम वगैरे एकसारखा होतो, पण टॅगांमधली मोकळी जागा जशीच्या तशी राहते. म्हणून वाचायला बरं पडावं म्हणून एडिटरमध्ये ओळी नीट लावून सेव्ह केलेली फाइल सहीच्या तपासणीत नापास होते. एक अक्षरही बदललेलं नसतं, फक्त ओळी मोडलेल्या असतात. मूळ फाइल बाजूला ठेवा आणि वाचायला प्रत घ्या.

आणि सुरक्षितता. एक्सएमएलमध्ये एंटिटी नावाची सोय आहे: एखाद्या मजकुराला लघुरूप द्यायचं आणि पुढे ते वापरायचं. एका एंटिटीत दुसरी वापरता येते, आणि तिथेच घात होतो. पहिली एंटिटी म्हणजे तीन अक्षरं, दुसरीत पहिली दहा वेळा, तिसरीत दुसरी दहा वेळा, अशा दहा व्याख्या केल्या की एक केबीसुद्धा नसलेली फाइल उलगडताना शंभर कोटी तुकडे होतात आणि सुमारे तीन जीबी मेमरी खाते. एंटिटी बाहेरच्या फाइलकडेही बोट दाखवू शकते. सर्व्हरवरच्या पासवर्डच्या फाइलकडे बोट दाखवलं आणि पार्सरने भोळेपणाने ती वाचून उत्तरात घातली, की झालं. आजचे काही पार्सर हे स्वतःहून रोखतात. जावाच्या मूळ पार्सरमध्ये मात्र बाहेरच्या एंटिटी बंद कराव्या लागतात आणि पायथनमध्ये त्यासाठी डिफ्यूज्डएक्सएमएल नावाची वेगळी लायब्ररी आहे. एंटिटींच्या व्याख्या डीटीडीत लिहिलेल्या असतात, म्हणून फाइल अनोळखी माणसाकडून येणार असेल तर डीटीडी सरसकट नाकारणं सगळ्यात सोपं. कामाच्या देवाणघेवाणीत त्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

सरावाला फाइल हवी तर ती तुमच्याच संगणकावर आहे. वर्डची कुठलीही डॉक्स फाइल घ्या, तिच्या नावाचा शेवट झिप करा आणि उघडा. आत वर्ड नावाच्या फोल्डरमध्ये डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाइल सापडेल. तिच्यात सगळं आहे: पहिल्या टॅगवर नेमस्पेसची रांग, उपसर्ग, परिच्छेदाचं एलिमेंट, त्याच्या आत एकसारख्या दिसणाऱ्या मजकुराच्या तुकड्याचं एलिमेंट, त्याच्या आत प्रत्यक्ष मजकूर. सगळे परिच्छेद काढून दाखवणारा एक्सपाथ लिहा. मग वर्डमध्ये एखाद्या शब्दाचा मधलाच भाग ठळक करून फाइल सेव्ह करा आणि पुन्हा उघडून पाहा. तो शब्द आता वेगवेगळ्या तुकड्यांत विभागलेला दिसेल. पत्राच्या नमुन्यात 'ग्राहकाचे नाव' अशी जागा ठेवून प्रोग्रामने ती बदलायला गेलं की कधी बदलते, कधी बदलत नाही, त्याचं कारण अनेकदा हेच असतं. वर्डने मधेच कुठेतरी शुद्धलेखनाची किंवा भाषेची खूण टाकून तुकडा पाडलेला असतो, आणि शोधणारा कोड एकेका तुकड्यात पूर्ण शब्द धुंडाळत असतो. आधी परिच्छेदातले सगळे तुकडे जोडायचे, मग शोधायचं.